धोट्याचं लाकूड

गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे, ज्याने चार वर्षं काढली आहेत, त्याला धोट्याचं लाकूड कसं असावं हे सांगावं लागत नाही. हातभराहून आखूड, दोन्ही टोकांना पोलादी चोच, पोटात सुताची कांडी. साध्या साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, हा तुकडा मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा ताण्याच्या, म्हणजे मागावर लांबीत ताणलेल्या, धाग्यांमधून या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो. एका बाजूने दणका बसून सुटतो, दुसऱ्या बाजूला आदळून थांबतो, आणि लगेच उलटा दणका. पाळीभर हेच. मऊ लाकूड इथे चेपून जाईल, ठिसूळ असेल तर फुटेल. पण नुसत्या कठीणपणानेही भागत नाही. कठीण लाकडं पुष्कळ आहेत. त्यातली बरीचशी घासली गेली की खरबरीत होतात, बारीक कुसळं वर येतात, आणि धोट्यावर एक कुसळ आलं की ताण्याचे धागे पटापट तुटायला लागतात. धोट्याला हवं ते लाकूड झिजता झिजता जास्तच गुळगुळीत होणारं.

असं लाकूड देणाऱ्या मोजक्या झाडांपैकी एक म्हणजे डॉगवूड. झाडाकडे बघून मात्र कुणाला संशयही येणार नाही.

मी व्हर्जिनियात राहते. इथे एप्रिलमध्ये, ओक आणि हिकरीच्या उंच झाडांना पुरती पालवीही फुटलेली नसते तेव्हा, त्यांच्या सावलीत वाढणारं डॉगवूड पांढरं होऊन जातं. झाड लहानखुरं, वीस-तीस फुटांच्या पुढे क्वचितच जाणारं. फांद्या आडव्या पसरतात, त्यामुळे फुलं एकावर एक थर लावल्यासारखी दिसतात. चार पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला चिमटा काढल्यासारखी तपकिरी खाच. खरं तर त्या पाकळ्या नव्हेतच. बोगनवेलीसारखी ती रंगीत पानं. खरी फुलं मधल्या पिवळट-हिरव्या झुपक्यात, नीट वाकून पाहिल्याशिवाय न दिसणारी. १९१८ साली हे व्हर्जिनियाचं राज्यफूल झालं आणि १९५६ साली राज्यवृक्ष. नॉर्थ कॅरोलायनाचं राज्यफूलही हेच. वॉशिंग्टनने ते आपल्या माउंट व्हर्ननच्या बागेत लावलं, जेफरसनने माँटिचेलोत. १९१२ साली टोकियोहून वॉशिंग्टन शहराला चेरीची तीन हजारांवर झाडं आली, त्याची परतफेड म्हणून १९१५ साली अमेरिकेने जपानला जी झाडं पाठवली तीही डॉगवूडचीच.

एवढा फुलांचा मान. म्हणूनच की काय, इथे कुणाला विचारलं तर डॉगवूड म्हणजे एप्रिल, डॉगवूड म्हणजे अंगणाची शोभा, याच्या पलीकडे उत्तर येत नाही. फार तर एखादे आजोबा येशूची गोष्ट सांगतात: पूर्वी हे झाड उंच नि थोराड होतं, त्याच्याच लाकडाचा क्रूस केला, तेव्हापासून ते असं ठेंगणं नि वाकडं झालं, आणि पाकळ्यांवरच्या खाचा म्हणजे खिळ्यांच्या खुणा. हे फुलणारं डॉगवूड उत्तर अमेरिकेचं. पॅलेस्टाइनशी त्याचा काही संबंध नाही. पण ही गोष्ट रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार. लाकूड एवढं दणकट आणि झाड एवढंसं, हे कोडं त्याला पडलेलं होतं.

अमेरिकी वनखात्याच्या जुन्या नोंदी वाचताना माझी तर हसावं की रडावं अशी गत झाली. तोडलेल्या डॉगवूडपैकी जवळजवळ सगळं लाकूड धोट्यांसाठी जात असे, असं तिथे सरळ लिहिलंय. मग प्लॅस्टिकचे धोटे आले आणि ते संपलं. उरलेले उपयोग किरकोळ म्हणून सांगितलेत, मला मात्र ते वाचायला फार आवडतात: सुताची रिळं, लहान कप्प्या, सुताराच्या मोगऱ्या, सोनारकामाचे ठोकळे, शिशाच्या नळाचं तोंड रुंद करायची खुंटी. गोल्फच्या काठीची डोकीसुद्धा. आणि घड्याळजी या लाकडाची काडी टोकदार करून घड्याळातली इवलीशी भोकं साफ करत. कारण यात वाळूचा अंश जवळपास नसतो, त्यामुळे धातूवर ओरखडा उठत नाही. आपल्या सागात तो असतो. सागावर काम करणाऱ्या सुताराला विचारा, पटाशीला किती वेळा धार लावावी लागते ते.

माझे वडील, अण्णा, परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. संगमेश्वरहून आलेले, आधी बदली, मग कायम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. गिरणीत परत गेले नाहीत. त्यांच्याकडे एक बाद धोटा होता, संपाच्या कितीतरी आधी मास्तरांच्या परवानगीने घरी आणलेला. आम्ही भावंडं त्याची होडी करून खेळायचो. आता तो इथे माझ्या टेबलावर आहे.

अण्णा इथे आले होते तेव्हा मी त्यांना मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला नेलं. तिथली बूट कॉटन मिल आता संग्रहालय आहे आणि तळमजल्यावरच्या विणखोलीत जुने साचे रांगेने उभे आहेत. त्यातले काही चालवून दाखवतात. दारातच कानात घालायचे बोळे देतात. अण्णांनी घेतले नाहीत. “अगं, आता आत वाचवायला काय उरलंय?” म्हणाले. आत गेल्यावर ते साच्यांकडे बघतच नव्हते. एका जागी मान खाली घालून उभे राहिले, मग हात उंचावून तिसऱ्या साच्याकडे बोट केलं. त्याचा ठोका मागे पडतोय, असं त्यांचं म्हणणं. मी गाइडबाईंना ते सांगितलं नाही.

बाईंनी दाखवायला ठेवलेला एक झिजका धोटा मात्र त्यांनी उचलला. आधी वजन बघितलं. मग पालथा करून पाठीवरून अंगठा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत, अगदी सावकाश. एका कडेला अंगठा थांबला. “पेटी तिरपी होती याची,” म्हणाले. मीही अंगठा फिरवून पाहिला. खरंच, ती कड जरा जास्त खाल्ली गेली होती. लाकूड कुठे उकललेलं नव्हतं, कुसळ नव्हतं. नुसतं उतरत गेलं होतं. एखाद्या साच्याची खोड इतकी वर्षं आपल्या अंगावर बाळगून असलेला तो तुकडा होता, आणि ती वाचणारा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेला. बाई मग धोट्याच्या चिनीमातीच्या डोळ्याबद्दल सांगायला लागल्या. नवी कांडी भरली की विणकर त्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या तोंडात जायचा, क्षयाची भीती होती, म्हणून मॅसॅच्युसेट्सने १९११ साली कायदा करून ते बंद केलं. मी अण्णांच्या कानाशी ओरडून मराठीत सांगितलं. ते म्हणाले, “आमच्यातल्या जुन्या लोकांचे पुढचे दात बघायला हवे होते तिने.”

घरी परतल्यावर साहजिकच मला आमच्या धोट्याचं लाकूड कोणतं याची उत्सुकता लागली. टोकांना पोलाद असल्यामुळे लाकडाचा आडवा छेद बाहेरून दिसत नाही. पण कांडीसाठी कोरलेली पोकळी जिथे संपते, त्या छोट्याशा भिंतीवर तो उघडा असतो. तिथला मळ काढून, पात्याने एक पातळ पापुद्रा घेऊन भिंग लावलं. डॉगवूडची छिद्रं इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि ती सगळीकडे सारखी विखुरलेली असतात. इथे मात्र सुईने टोचल्यासारखी ठळक छिद्रं होती, विरळ विरळ. म्हणजे पर्सिमन. डॉगवूडच्या बरोबरीने धोट्यांसाठी चाललेलं दुसरं अमेरिकी लाकूड. आणि पर्सिमन म्हणजे कोण, तर आपल्या टेंभुर्णीच्याच प्रजातीतलं झाड, तीच प्रजाती जिच्यात आबनूसही येतं. अण्णांच्या खिशात टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी आणि हातात टेंभुर्णीच्या बहिणीचा धोटा. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मग त्याच्या पानाच्या विड्या होतात का?” होत नाहीत. निदान इथे कुणी वळत नाही.

ही लाकडं परळपर्यंत पोचली कशी, त्याची वाट लांबची आहे. युरोपात धोट्यांना आधी बॉक्सवूड वापरत. ते दुर्मीळ नि महाग व्हायला लागलं तसे धोटेवाले अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डॉगवूड नि पर्सिमनकडे वळले. ठोकळे जहाजाने इंग्लंडातल्या लँकेशायरला जात, तिथे धोटे घडत, आणि मुंबईच्या गिरण्यांचं यंत्र असो की सुटा भाग, बराच काळ तिकडूनच येत असे.

पण डॉगवूड आणि मुंबई यांची गाठ त्याच्याही आधी एकदा पडून गेली आहे, आणि ती लाकडामुळे नाही. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने बंडखोर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि कापूस मिळेल तिथून उचलायची त्यांची धडपड सुरू झाली. पुढचं आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे: वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद, बॅकबे भरून काढायची कंपनी, तिचे आभाळाला भिडलेले शेअर, आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताच १ जुलै १८६५ ला सगळा डोलारा खाली.

त्याच नाकेबंदीत इकडे काय चाललं होतं, हे मात्र मी इथे येऊन वाचलं. बंदरातून कापूस बाहेर जात नव्हता तसं क्विनीन आत येत नव्हतं. दक्षिणेच्या दलदलीत सैन्यं तळ ठोकून बसलेली, हिवतापाने माणसं थरथरतायत, आणि औषधाच्या पेट्या रिकाम्या. तेव्हा तिथल्या लष्करी वैद्यकखात्याने रानातल्या सालींकडे मोर्चा वळवला. वाळवलेली डॉगवूडची साल तीस भाग, पॉप्लरची तीस, विलोची चाळीस. दोन पौंड सालींना एक गॅलन व्हिस्की. दोन आठवडे भिजत ठेवायचं. डॉगवूडची साल कडूजहर असते आणि तापावर ती द्यायची पद्धत तिकडे आधीपासून होती. क्विनीनची सर तिला नव्हती. विलोच्या सालीने अंगदुखी थोडी कमी झाली असेल, आणि व्हिस्कीबद्दल सैनिकांची तक्रार असेल असं वाटत नाही. मुंबईत कापसाच्या गासड्यांवर माणसं लखपती होत होती त्याच वर्षांत व्हर्जिनियाच्या रानात याच झाडांच्या साली सोलल्या जात होत्या. एका बाजूचा इतिहास पाठ असावा आणि दुसरी बाजू आपल्याच अंगणात उभी असावी, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

युरोपातल्या डॉगवूडची कहाणी आणखी मागे जाते, पण तिथे रेंगाळत नाही. सिकंदराच्या घोडदळाचे भाले याच कुळातल्या कॉर्नेलच्या लाकडाचे होते, इ. स. पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकसच्या काठी इराण्यांच्या आखूड फेकभाल्यांपुढे ते सरस ठरले, असं ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो. आल्प्समधल्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ओत्सी नावाच्या गोठलेल्या माणसाच्या भात्यात एक बाण असा होता, की त्याची काठी एका झुडपाची आणि पुढचा जोडतुकडा डॉगवूडचा. जिथे धक्का बसणार तिथे डॉगवूड. त्या माणसाने हे कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

आपल्याकडेही असं शहाणपण होतंच की. कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण, मुसळाला खैर, गाडीच्या चाकाला बाभूळ. दारात पडलेलं कुठलंही लाकूड कशालाही लावलं तर म्हातारी माणसं हसत. डॉगवूडचे काही भाईबंद आपल्या हिमालयात आहेत. कुमाऊँ-गढवालला जाणाऱ्यांनी भमोऱ्याची लाल, खडबडीत फळं पाहिली असतील. पण आणखी जवळचा नातेवाईक आपल्या रानात आहे: अंकोल. आताच्या वर्गीकरणात तो डॉगवूडच्याच कुळात धरतात. लहान, काटेरी, वेडावाकडा वाढणारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या फांद्यांवर पांढरी सुवासिक फुलं येतात, पाकळ्या मागे वळलेल्या. अंकोलाच्या खाली पडलेल्या बिया आपण होऊन पुन्हा खोडाला जाऊन चिकटतात अशी समजूत फार जुनी. शिवानंदलहरीत भक्तीची व्याख्या करताना पहिला दृष्टान्त तोच आहे. आणि लाकूड? घट्ट, बारीक पोताचं, चिवट. त्याचा उपयोग तेलघाण्याच्या लाटेसाठी आणि गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांसाठी होत असे. लाट म्हणजे उखळात अखंड फिरत, घासत राहणारा दांडा. कामाची जात बघा, धोट्याचीच. आज पुण्यात दर दोन चौकांआड ‘लाकडी घाण्याचं तेल’ अशी पाटी दिसते. लाट कशाची आहे, एवढा प्रश्न विचारायला हरकत नाही. अण्णांना अंकोल आठवतो तो फळांपुरता. लहानपणी गुरांमागे हिंडताना खायचे, बुळबुळीत नि किंचित गोड.

माझ्या अंगणातलं डॉगवूड गेलं ते बुरशीने. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर हा रोग दिसला आणि नंतर ॲपलाचियन डोंगररांगांत पसरला. पानांवर जांभळट कडांचे डाग, मग खालच्या फांद्या वाळत जातात, मग खोडावर खोल जखमा. दमट, सावलीच्या जागी झाड फार काळ टिकत नाही, आणि रानातलं डॉगवूड नेमकं सावलीतच असतं. मेरीलँडच्या कॅटोक्टिन डोंगरात बहुतेक झाडं मेली. त्यातून तगून राहिलेल्या एकापासून टेनेसी विद्यापीठाने रोगाला दाद न देणारं वाण तयार केलंय. हे नुसतं शोभेचं नुकसान नाही. डॉगवूडच्या पानांत कॅल्शियम भरपूर, आणि ती ओकच्या पानांपेक्षा कितीतरी लवकर कुजतात. झाड गेलं की त्याच्याखालची मातीही हळूहळू गरीब होते.

झाड तोडायला आलेल्या माणसाने खोड सरळ चुऱ्याच्या यंत्रात घालायला घेतलं होतं. इथे तीच रीत आहे. बागेत पसरायला भुसा होतो. मी खोड मागून घेतलं तेव्हा त्याला वाटलं मला शेकोटीला हवंय. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, “हे फोडताना हात दुखतील.”

ओलं डॉगवूड वाळताना आटतं फार. अख्खा ओंडका तसाच ठेवला तर टोकाकडून गाभ्यापर्यंत तडे जातात. म्हणून मधोमध चिरायचा, हव्या त्या मापाहून चांगला जाड ठेवायचा, टोकांना मेण फासायचं आणि सावलीत वारा लागेल असा रचून विसरून जायचं. वाळलं की ते सागाच्या जवळपास दुप्पट कठीण होतं. लेथवर घेतल्यावर सालीलगतचा भाग फिकट गुलाबी निघतो, आत तपकिरी गाभ्याचा छोटासा डाग. पटाशीखालून सालपट तुटत नाही, लांबच लांब रिबिनी निघतात, आणि शेवटी पॉलिश पेपर लावायला जावं तर लावण्यासारखं काही उरलेलं नसतं. पहिली मोगरी केली ती रोज वापरते. तिच्या तोंडावर पटाशीच्या मुठीचे ठोके पडून पडून खड्डे पडायला हवे होते; तिथे उलट चकाकी आली आहे.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर ती दाखवली. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, एवढ्या लाकडात दोन धोटे निघाले असते.

उरलेल्या खोडावर आता आमच्या इथल्या एका हातमागवालीचा डोळा आहे. ती सतरंज्या विणते आणि तिला घरगुती मागासाठी लांब, सपाट धोटा हवाय. प्लॅस्टिकचा तिला आवडत नाही, हातात हलका वाटतो म्हणे. परवा ती येऊन सगळे तुकडे उलटेपालटे करून गेली. एका तुकड्यावर खडूने खूण केली आणि अट घातली, की तपकिरी गाभा मुळीच नको, सालीकडचं गुलाबीच हवं. धोटेवाले कारखानेही तेवढंच घेत. मी तिला म्हटलं, आधी अण्णांशी बोलून घेते. पाठ किती गोल ठेवायची ते त्यांना विचारायला हवं.